मागचं डावं दार

आईला तिच्याच गाडीतून बाहेर काढायला मला एक मिनिट बावीस सेकंद लागले. रंगाला ओरखडा नाही, दाराची चौकट वाकलेली नाही, रबर जागच्या जागी. आमच्या क्लासमध्ये इतकं स्वच्छ काम आजवर कुणाला जमलं नव्हतं.

असं काही घडलेलं नाही.

त्या रविवारबद्दल आमच्या घरात एक उत्तर ठरलं आहे. आईला गाडी चालवायचा कंटाळा आला होता, तिने हौसेने ती दादाला दिली, मग सगळे एकत्र जेवले. बाबांनी हे उत्तर इतक्या जणांना दिलंय की आता सांगताना त्यांना स्वतःलाच भरून येतं. पाहुण्यांसमोर मीही मान डोलावते. तर जे घडलंच नाही, ते पहिल्यापासून सांगते.

मी आधी एका ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसायचे. चावी गाडीत राहिली, दार लागलं, की लोक आम्हाला फोन करायचे आणि मी सांगायचे, "मदत चाळीस मिनिटांत पोहोचेल." चाळीस हा आकडा समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मदत कुठे आहे, मुळात आहे का, हे मला माहीत नसायचं. दोन वर्षं मी चाळीस म्हणत होते. एके दिवशी एका बाईने चौथ्यांदा फोन केला. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं विचारलं, "तुम्ही स्वतः आलात तर किती वेळ लागेल?"

मी म्हणाले, "मी येऊन काय करू? मला उघडता येत नाही."

"मग तुम्हाला नेमकं काय येतं?"

त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि घरी जाहीर केलं की मी बंद गाड्यांची दारं उघडायला शिकणार आहे.

बाबा म्हणाले, "खुर्चीतली नोकरी सोडून?"

दादा म्हणाला, "म्हणजे चोरी. सर्टिफिकेट मिळतं का त्याचं?"

"मिळतं."

"झकास. पकडली गेलीस की ते दाखव. ए चोरटे, फ्रेम करून घे हं."

आईने फक्त विचारलं, "क्लास किती वाजता? माझी फेरी साडेनऊला संपते. मी सोडत जाईन."

आईची ओळख इथेच करून देते, कारण पुढे बराच वेळ ती काचेमागे असणार आहे. आई एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. सकाळी सहाला निघायची. मागच्या सीटवर निळी थंड पेटी, शेजारच्या सीटवर सुया, नळ्या आणि स्टिकरांचं पुडकं. गावाबाहेरची, बस न जाणारी सगळी घरं तिच्याकडे होती, कारण लॅबमध्ये गाडी असलेली ती एकटीच. त्या घरांतली अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं तिची वाट बघायची. एक आजोबा तर डॉक्टरांनी न सांगितलेल्या तपासण्याही करून घ्यायचे. आईशी पाच मिनिटं गप्पा मारायला मिळतात, त्यापुढे सुई म्हणजे काय.

गाडी करड्या रंगाची, छोटी, बारा वर्षांची. आई चव्वेचाळीसाव्या वर्षी ती चालवायला शिकली. घेतली तिच्या पगारातून. पण शोरूममध्ये सही करायच्या दिवशी तिची फेरी होती, म्हणून बाबा गेले आणि कागदावर बाबांचं नाव लागलं. "घरातल्या घरात काय आलंय," बाबा म्हणाले होते. बाबांना गाडी चालवता येत नाही. त्यांना ती पुसताही येत नाही. पण कागद मात्र ते कपाटात, स्वतःच्या पासपोर्टाखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचे.

क्लास टायरच्या दुकानामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. शिकवणाऱ्या बाई पूर्वी शिवणकाम शिकवायच्या. एकदा त्यांची स्वतःची चावी गाडीत राहिली, उघडायला आलेल्या माणसाने दार वाकवून ठेवलं, आणि बाईंना इतका संताप आला की त्यांनी धंदाच बदलला. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांचा संताप अजून संपलेला नाही, आणि त्यावरच क्लास चालतो.

शेडमध्ये लोखंडी स्टँडवर चार दारं उभी केलेली. गाडी नाही, नुसती दारं. पहिल्या दिवशी मी सरळ दाराला वळसा घातला, पलीकडून आतली खिट्टी ओढली आणि म्हणाले, "झालं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हुशार आहेस. गिऱ्हाइकाच्या गाडीलाही असाच वळसा घाल. आत पोहोचलीस की मला फोन कर."

काम ऐकायला सोपं आहे. दाराच्या वरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची पाचर सरकवायची. तिच्या आधाराने एक चपटी हवेची पिशवी आत घालायची, रबरी फुग्याने ती फुगवायची, की दार चौकटीपासून बोटभर सुटतं. त्या फटीतून लांब सळई आत घालायची आणि तिच्या वाकड्या टोकाने आतली खिट्टी ओढायची. पण पिशवी जरा जास्त फुगली तर चौकट वाकते. वाकलेली चौकट पुन्हा कधीच धड बसत नाही, आणि मालकाला गाडी विकेपर्यंत वाऱ्याची शिट्टी ऐकावी लागते. बाई ती शिट्टी तोंडाने वाजवून दाखवायच्या. कुणाचा हात जरा जोरात पडला की शेडच्या दुसऱ्या टोकाहून शिट्टी यायची.

पास व्हायला दीड मिनिट. मी अकरा वेळा नापास झाले. दहा वेळा वेळ संपली. अकराव्यांदा दार वेळेत उघडलं, आणि चांगल्या घरची मुलगी म्हणून मी ते लगेच परत लावून टाकलं. लागलं ते पुन्हा लॉक झालं. बाईंनी घड्याळ शून्यावर आणलं.

एक नियमही होता. सळई हत्यारांच्या पिशवीतून काढायच्या आधी गाडीचा कागद बघायचा. कागदावर ज्याचं नाव, त्याने सांगितलं तरच हात लावायचा. बाईंकडे लोक काय काय घेऊन यायचे! भांडण झालेल्या बायकोची गाडी, पार्किंगवरून वाद असलेल्या शेजाऱ्याची गाडी. एकाने तर गाडीसोबत काढलेला स्वतःचा फोटो पुरावा म्हणून आणला होता. बाई सगळ्यांना एकच विचारायच्या, "कागद?" मला तो प्रश्न फार आवडायचा. एकदा कागद पाहिला की पुढे डोकं वापरावं लागत नाही.

अकरा नापासांनंतर आईच म्हणाली, "त्या सुट्या दारांवर काय करतेस, माझी गाडी घे. मी आत बसते. काय चुकतंय ते आतून दिसेल."

मग रोज दुपारी आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये आमची शाळा भरायची. आई आत शब्दकोडं घेऊन बसायची, मी बाहेर. हवेचा फुगा पाहून ती हसली होती. "अगं, हा तर आमच्या बीपीच्या मशीनचा." मग काच खाली करून शिकवायची, "असा रागाने दाबू नकोस. कुणाचा तरी दंड आहे असं समज. दुखायच्या आधी थांबायचं." आणि सळईबद्दल, "डोळ्यांनी काय शोधतेस? म्हाताऱ्यांची शीर मला कधी दिसते का? बोटाला विचार."

मी दोन मिनिटांवर आले. मग एक पन्नासवर. दार उघडलं की ती मागे न बघता म्हणायची, "या, बसा," आणि पुढचा शब्द भरायची.

आता तो रविवार.

सकाळी दादा आला. आपल्या बायकोच्या माहेरच्या भागात त्याने घर घेतलंय, नवी नोकरी लागलीय, ऑफिस लांब आहे, हे सगळं आम्हाला माहीत होतं. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "गाडी दादाला देऊन टाकली. परवा सही केली कागदावर. सोमवारी नोंदणीच्या ऑफिसात जाऊन नाव बदललं की झालं." दुधावर झाकण ठेव, अशा आवाजात.

आई चहा गाळत होती. "कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? आपल्याकडे किती आहेत?"

"आणि माझी फेरी?"

"अगं, या वयात कशाला ही दगदग? बस आहे, रिक्षा आहे."

"मी जाते तिथे बस जात नाही. म्हणून तर मी जाते."

दादा समजुतीने म्हणाला, "आई, मी तुला रविवारी फिरवीन ना."

"कुठे?"

दादाने खरोखर विचार केला. मग बिस्कीट घेतलं.

"अहो, मला विचारलं का नाही?" आई बाबांना म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? तू नाही थोडीच म्हणणार होतीस."

आईने गाळणी बेसिनमध्ये ठेवली. हात पुसले. खुंटीवरच्या दोन्ही चाव्या घेतल्या, सवयीने निळी पेटी उचलली आणि खाली गेली. बाबांना वाटलं, काही आणायला गेली. दादाने तिचा चहा प्यायला.

पंधरा मिनिटांनी वॉचमनचा फोन आला. "मॅडम गाडीत बसल्यात. दारं लावून घेतलीत. आणि पुढे बॉनेटवर हात ठेवला तर हॉर्न वाजवतायत."

आम्ही खाली गेलो. आई चालकाच्या सीटवर, काचा वर, चारही खिट्ट्या खाली, पट्टा लावलेला. उभ्या गाडीतही आई पट्टा लावते. बाबांनी काचेवर टकटक केली. आईने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' असं लिहिलेलं होतं.

"अगं, लोक बघतायत," बाबा म्हणाले. लोक खरंच बघत होते. पहिल्या मजल्यावरच्यांनी तर खुर्च्या आणल्या होत्या.

आईने पुडक्यातून एक स्टिकर काढला, पेनने काहीतरी लिहिलं आणि काचेला आतून चिकटवला. नळीवर लावायचा स्टिकर तो, नखाएवढा. बाबांकडे चष्मा नव्हता.

"काय म्हणतेय?"

दादा वाकला. "'उपाशीपोटी' असं छापलंय."

"बघ! भूक लागलीय तिला. नाश्ता कुठे केलाय तिने. जा, काहीतरी खायला आण वरून."

"बाबा, तो लॅबचा छापील स्टिकर आहे," मी म्हणाले. "खाली पेनने 'नाही' लिहिलंय."

"नाही म्हणजे? भूक नाही?"

मला इथेच हसू यायला हवं होतं. आलं असतं तर सगळं वाचलं असतं. पण दादा गाडीच्या टपावर थाप मारत म्हणाला, "काच फोडू नका हां कुणी. माझी गाडी आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "काय गं चोरटे? एवढे महिने क्लास करतेयस. उघड की."

"मी?"

"जाऊ दे बाबा, हिला नाही जमायचं. अकरा वेळा नापास झालीय. हिला गाडी नसलेलं दार उघडत नाही, गाडीचं काय उघडणार?"

पहिल्या मजल्यावर कुणीतरी हसलं. बाबाही हसले. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढी वर्षं शिकवलं तुम्हाला, घराला कधीतरी उपयोग होऊ द्या." ते वर गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन आले. त्यावर त्यांचं नाव होतं. मी तो वाचला. शांतपणे, पूर्ण, दोन्ही बाजूंनी.

मला आईचा राग आला नव्हता. मला दादाचा राग आला होता. म्हणून मी आईचं दार उघडलं. हे वाक्य मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं. त्यात मला चूक सापडत नाही, आणि डोकंही सापडत नाही.

मी वर जाऊन माझी हत्यारांची पिशवी आणली. खाली आले तेव्हा आईने मला पाहिलं, मग पिशवी पाहिली, आणि तिचा चेहरा उजळला. अगदी स्पष्ट उजळला, मला काचेतून दिसला. तिने पट्टा सोडला, मागे वळून निळी पेटी डावीकडून उजवीकडे सरकवली, परत पट्टा लावला, आणि हाताने काहीतरी खूण केली. बोटं बाहेरच्या बाजूला झटकली, दोनदा, बाबा आणि दादाच्या दिशेने.

मी त्या हाताकडे बघितलंच नाही. बाईंनी शिकवलं होतं, काम करताना नजर रबरावरून हलवायची नाही.

"घड्याळ लाव," मी दादाला म्हणाले.

मागचं डावं दार निवडलं, कारण पट्टा लावलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं, आणि सुचल्याचा आनंदही झाला. पाचर गेली. हवेची पिशवी गेली. फुगा मी हळू दाबला, कुणाचा तरी दंड असावा तसा, आणि दुखायच्या आधी थांबले. फट बोटभर. सळई आत. आई हॉर्नवर हात ठेवून बसली होती, पार्किंगभर एकच लांब आवाज, आणि त्या आवाजात मी डोळे मिटले आणि बोटाला विचारलं. टोक खिट्टीत अडकलं. ओढलं.

खट्.

"एक बावीस!" दादा ओरडला.

आणि मी उडी मारली. खरोखर, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. "जमलं! आई, जमलं!" मी ओरडले. पहिल्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बाबांनी माझ्या पाठीवर शेवटची थाप कधी मारली होती ते मला आठवत नाही, बहुधा घास अडकला होता तेव्हा.

हॉर्न थांबला.

आई आरशातून माझ्याकडे बघत होती. दादा माझ्या शेजारून आत घुसला, मधून हात घालून पुढची खिट्टी वर केली, बाबांनी बाहेरून दार उघडलं. आईने पट्टा काढला. चाव्या दादाच्या हातात नाही दिल्या, सीटवर ठेवल्या. पेटी उचलली. माझ्याजवळून जाताना थांबली.

"वेडे, तुला मी उघडणारच होते," ती म्हणाली. "त्यांना बाजूला व्हा म्हणत होते. मागे जागा केली होती."

मग जिन्याने वर गेली. लिफ्ट चालू होती.

दुपारी सगळे एकत्र जेवले हे मात्र खरं आहे. दादाने दोनदा भात घेतला. बाबा मला म्हणाले, "बघ, शिकलेलं कधी वाया जात नाही," आणि मला पहिल्यांदा ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. भिरकावलं नाही. पाणी प्यायले. आई वाढत होती. कुणाला काय हवं नको ते विचारत होती, मलाही विचारलं, सगळ्यांना विचारतात त्याच आवाजात.

सोमवारी नाव बदललं. लॅबने आईला आठवडाभर सांभाळून घेतलं. ती पेटी घेऊन शेवटच्या स्टॉपपर्यंत बसने जायची आणि पुढे चालायची. उन्हात दोन नमुने खराब झाले. मग लॅबने लांबची घरं बंद केली आणि तिला आत टेबलावर बसवलं. आता ती दिवसभर दुसऱ्यांनी आणलेल्या नळ्यांवर स्टिकर लावते. ते आजोबा लॅबमध्ये फोन करून विचारतात, त्या बाई कधी येणार. फोनवरची मुलगी काय सांगते ते मी विचारलेलं नाही. मला माहीत आहे.

बाबा म्हणतात, "बरं झालं, दगदग वाचली."

आणि दादा? दादाला ऑफिसची बस मिळाली. दारातून नेते, दारात सोडते. गाडी त्याच्या बिल्डिंगखाली झाकण घालून उभी आहे. दर रविवारी तो ती सुरू करून बघतो, बॅटरी उतरू नये म्हणून. एवढंच. मी त्याला फोन करून म्हणाले, "मग परत दे."

"वेडी आहेस का? लागली कधी तर?"

"तुला लागत नाहीये!"

"आत्ता नाही लागत. असायला हवी ना. आणि तू काय बोलतेस गं, उघडून कुणी दिली?"

मी फोन ठेवला. भिंतीवर मारला असं म्हणणं जास्त बरोबर होईल, पण तसंही काही घडलेलं नाही, तो हातातून सुटला असं ठरलं आहे.

बाईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या नियमाच्या बाजूने उभ्या राहतील, मी कागद पाहिला होता, नाव जुळत होतं. बाई एका दाराला तेल देत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"आत माणूस होतं?"

"हो. आई."

"आणि तू कागद विचारलास?"

"बाई, तुम्हीच सांगितलं होतं..."

"रिकाम्या गाडीचं सांगितलं होतं मी!" तेलाची बाटली शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळली. "आत माणूस असलं तर काचेशी जायचं आणि विचारायचं, बाहेर यायचंय का? हे मी शिकवलं नाही. हे शिकवावं लागतं हे मला माहीत नव्हतं." बराच वेळ त्या तेल पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "वेळ किती?"

"एक बावीस."

"चौकट?"

"सरळ."

त्यांनी वही काढली आणि माझ्या नावासमोर 'उत्तीर्ण' लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की पुढची तीन पानं फाटली.

सर्टिफिकेट मी घरी नेलं नाही. त्याऐवजी वाहन नोंदणीच्या ऑफिसात गेले. खिडकी क्रमांक चारवरच्या साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.

"मालक तुम्ही?"

"नाही."

"आधीचे मालक?"

"नाही. आधीचे मालक बाबा, आत्ताचा दादा. गाडी आईची."

"आईंचं नाव कुठे आहे?"

"कुठेच नाही. तेच घालायला आलेय."

"मग आत्ताच्या मालकाची सही आणा."

"तो देत नाही."

"मग नाही होणार. तुमचा संबंध काय यात?"

"मी दार उघडलं."

साहेबांनी खणातले फॉर्म खरोखर चाळून पाहिले. शेवटपर्यंत. माणूस वाईट नव्हता. "त्याला फॉर्म नाही आमच्याकडे," ते म्हणाले, आणि खिडकीतून एक कोरा कागद सरकवला. "साधा अर्ज लिहा. आवकला टाका. बघतील."

कोण बघतील हे त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले. मांडीवर पिशवी होती, पिशवीवर कागद ठेवला, आणि लिहिलं:

प्रति,
माननीय वाहन नोंदणी अधिकारी,

विषय : करड्या रंगाच्या लहान गाडीची पूर्वस्थिती परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गाडीचे मागचे डावे दार अर्जदाराने रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी उघडले. त्या वेळी अर्जदाराकडे योग्य साधने व मालकाचा कागद होता. आत बसलेल्या व्यक्तीची परवानगी नव्हती. ती मागण्यात आली नाही. गाडीचे कोणतेही नुकसान झालेले नाही, असे सर्व संबंधितांचे म्हणणे आहे. अर्जदारास ते मान्य नाही.

तरी आपल्या कार्यालयाने सदर गाडी अकरा वाजून एकोणीस मिनिटांच्या स्थितीत परत आणून तशी नोंद करावी, ही विनंती. सदर स्थिती पुढीलप्रमाणे : चारही दारे आतून बंद. काचा वर. दोन्ही चाव्या आत. चालकाच्या जागेवर एक महिला, वय छप्पन्न, पट्टा लावलेला. निळी पेटी उजवीकडे. मागची डावी जागा रिकामी.

दार कधी उघडायचे, कोणासाठी उघडायचे, की उघडायचेच नाही, हे ठरविण्याचे सर्व अधिकार सदर महिलेकडे राहावेत.

निर्णय होईपर्यंत अर्जदार गाडीबाहेर उभी राहील. सळई सोबत आणणार नाही.

कळावे.